सॉकेट, सौदा आणि दुसरा पुरवठादार

घरी पीसी असेंबल करायला निघालेल्या माणसापुढे पहिला प्रश्न येतो तो प्रोसेसरचा: इंटेल की एएमडी? लॅमिंग्टन रोडवरचा दुकानदार त्याचं उत्तर कोटेशनच्या पहिल्या ओळीत लिहूनच टाकतो. गेम खेळणारा भाचा ते छातीठोकपणे देतो. ऑफिसातले सीनियर ‘आम्ही कायम इंटेलच घेतला, कधी त्रास नाही’ म्हणून विषय मिटवतात. तिघांच्याही बोलण्यात थोडं तथ्य असतं, पण तिघंही आपापल्या काळाचं उत्तर देत असतात. ज्याने २००८ मध्ये मशीन घेतलं त्याचं मत वेगळं, ज्याने २०१९ मध्ये घेतलं त्याचं वेगळं, आणि दोघंही आपला अनुभव म्हणजे त्या कंपनीचा स्वभावधर्म असं समजून पुढच्याला सल्ला देतात. प्रोसेसरच्या धंद्यात कंपनीला असा कायमचा स्वभाव नसतो. त्या वर्षी प्रतिस्पर्धी किती जवळ येऊन ठेपला आहे, यावर ती ग्राहकाशी कशी वागणार हे ठरतं. गेल्या साडेचार दशकांचा हिशेब मांडला की हेच निघतं.

हिशेब सुरू होतो १२ ऑगस्ट १९८१ पासून. त्या दिवशी आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला. आत इंटेलचा ८०८८ प्रोसेसर होता, ४.७७ मेगाहर्ट्झचा. रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर यांनी फेअरचाइल्ड सोडून १९६८ साली इंटेल काढली होती. पुढच्याच वर्षी त्याच फेअरचाइल्डमधून बाहेर पडलेल्या जेरी सँडर्सने सात सहकाऱ्यांना घेऊन एएमडी काढली. आयबीएमने इंटेलशी सौदा करताना एक अट घातली. एकाच कंपनीच्या कारखान्यावर आमचा धंदा टांगून ठेवणार नाही, हाच माल बनवणारा दुसरा पुरवठादार हवा. यात तंत्रज्ञानाचं काहीच नव्हतं, कुठल्याही मुरलेल्या व्यापाऱ्याला सुचेल अशी ती सावधगिरी होती. तिच्यामुळे १९८२ साली इंटेल आणि एएमडी यांच्यात तंत्रज्ञान वाटून घेण्याचा करार झाला आणि इंटेलच्या आराखड्यावरचे प्रोसेसर एएमडीच्या शिक्क्यानिशी बाजारात येऊ लागले. आज ज्या स्पर्धेत लोक तावातावाने बाजू घेतात, ती स्पर्धा मुळात एका ग्राहकाने मागून घेतलेली आहे.

ग्राहकाचा जोर होता तोवर अट पाळली गेली. १९८५ मध्ये इंटेलने ८०३८६ काढला आणि त्याचे आराखडे एएमडीला द्यायला चक्क नकार दिला. तोवर बाजार आयबीएमच्या मुठीतून निसटू लागला होता. ३८६ वरचं मशीन १९८६ साली कॉम्पॅकने आयबीएमच्या आधी आणलं. दुसरा पुरवठादार हवाच असं ठणकावून सांगणारा गिऱ्हाईक उरला नाही, तेव्हा इंटेलनेही ती ब्याद झटकून टाकली. एएमडी लवादाकडे गेली, तिथून कोर्टात गेली, आणि हे प्रकरण १९९४ च्या अखेरीस कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने एएमडीच्या बाजूने निकाल देईपर्यंत रेंगाळलं. दरम्यान १९९१ मध्ये एएमडीने स्वतःचा ३८६ आणला. तो ४० मेगाहर्ट्झवर चाले, इंटेलचा ३३ वर. नाव तेच, आकडा तोच. इंटेल कोर्टात गेली आणि तिथे तिला ऐकून घ्यावं लागलं की ‘३८६’ हा आकडा कुणाच्या मालकीचा होऊ शकत नाही.

आपण ज्याला प्रोसेसरचा ‘ब्रँड’ म्हणतो तो या निकालाच्या सुमारास जन्माला आला. आकड्यावर हक्क सांगता येत नाही म्हटल्यावर १९९३ च्या प्रोसेसरला ५८६ न म्हणता पेन्टियम असं घडवलेलं नाव दिलं गेलं. त्याआधीच, १९९१ पासून, ‘इंटेल इनसाइड’ची मोहीम सुरू झाली होती: कॉम्प्युटर बनवणाऱ्याने जाहिरातीत आणि डब्यावर ते चिन्ह लावायचं, जाहिरातीच्या खर्चातला वाटा इंटेल उचलणार. आत काय आहे हे ज्याला कधी दिसणारही नाही, अशा ग्राहकाला आतल्या सुट्या भागाचं नाव पाठ करून घेण्याचा हा उद्योग विलक्षण यशस्वी झाला. ऑफिसातल्या सीनियरांची निष्ठा त्या स्टिकरमधून आलेली आहे.

या पेन्टियमच्या घडणीतलं एक ठळक नाव विनोद धाम यांचं. त्यांचा जन्म १९५० चा, पुण्यातला; शिक्षण दिल्लीत. ‘पेन्टियमचे जनक’ म्हणून आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनी त्यांचं कौतुक पुष्कळ केलं. त्या कौतुकात पुढची गोष्ट सहसा गळते. १९९५ मध्ये धाम इंटेल सोडून नेक्सजेन नावाच्या लहान कंपनीत गेले, ती कंपनी एएमडीने विकत घेतली, आणि नेक्सजेनच्या आराखड्यावरून एएमडीचा के६ तयार झाला. १९९७ मध्ये तो पेन्टियमच्याच समोर उभा राहिला. ज्या माणसाने इंटेलला नाव मिळवून दिलं तोच दोन वर्षांनी पलीकडच्या गोटात होता. लेबलावर जीव टाकणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं.

पेन्टियमच्या काळातलाच एक प्रसंग जवळून बघण्यासारखा आहे. व्हर्जिनियातल्या लिंचबर्ग कॉलेजातले गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली १९९४ मध्ये जुळ्या अविभाज्य संख्यांवर आकडेमोड करत होते. उत्तरं जुळेनात. सगळं तपासून झाल्यावर संशय प्रोसेसरवर आला. ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागलं तर १.३३३८२ यायला हवं. पेन्टियम सांगत होता १.३३३७३. भागाकारासाठी चिपमध्ये कोरलेल्या कोष्टकातल्या पाच जागा रिकाम्या राहिल्या होत्या. इंटेलची पहिली प्रतिक्रिया अशी, की असली आकडेमोड तुम्ही करता हे पटवून द्या, मग बदलून देऊ. डिसेंबरमध्ये आयबीएमने पेन्टियमची मशीनं पाठवणं थांबवलं आणि आठवड्याभरात इंटेलने सरसकट बदलून देण्याची तयारी दाखवली. त्यापोटी कंपनीने ४७ कोटी ५० लाख डॉलर बाजूला काढले. चूक कुणाच्याही हातून होते. ती कबूल करायला लावणारा गिऱ्हाईक मोठा होता, आणि त्याच्यापुढे दुसरा पर्याय होता, म्हणून हे आठवड्याभरात झालं.

असेंबल करणाऱ्यांच्या दृष्टीने तो काळ सुखाचा होता, कारण सॉकेट ७. एकाच मदरबोर्डवर इंटेलचा पेन्टियम बसे, एएमडीचा के६ बसे आणि सायरिक्स या तिसऱ्या कंपनीचा ६x८६ ही बसे. आधी बोर्ड घ्या, मग खिशात उरेल तसा प्रोसेसर घ्या. यातल्या सायरिक्सची गत गेम आणि काम या दोन्हींसाठी मशीन घेणाऱ्याने मुद्दाम पाहावी. वर्ड, एक्सेल अशा कामात तो स्वस्तात पेन्टियमच्या तोडीस तोड होता. मग १९९६ च्या जूनमध्ये ‘क्वेक’ आला. त्या गेमच्या प्रोग्रामरांनी पेन्टियमचा एक गुण पुरता पिळून घेतला होता: त्याचं दशांश-गणिताचं युनिट एक भागाकार करत असताना उरलेला प्रोसेसर पुढचे सोळा पिक्सेल रंगवून मोकळा होई. सायरिक्सचं ते युनिट मंद होतं आणि असं दुहेरी चालतही नव्हतं. ऑफिसात शेर ठरलेला प्रोसेसर एका गेमपुढे उघडा पडला. १९९७ मध्ये सायरिक्स नॅशनल सेमीकंडक्टरने घेतली, १९९९ मध्ये व्हियाने. घरगुती मशीनच्या शर्यतीतून ती गेली ती गेलीच. म्हणून ‘चांगला प्रोसेसर’ असं मोघम विचारण्यात अर्थ नाही. कोणत्या सॉफ्टवेअरसाठी, हे आधी सांगावं लागतं.

त्याच १९९७ मध्ये इंटेलने पेन्टियम २ काढला आणि सॉकेट ७ सोडून स्लॉट १ आणला. त्याचे हक्क इंटेलकडे राखून ठेवलेले. एएमडीने दोन वर्षांनी ॲथलॉन आणला तेव्हा त्याचा स्लॉट दिसायला तसाच होता, पण जोडणी वेगळी. दोन कंपन्यांचे प्रोसेसर एकाच बोर्डावर बसण्याचे दिवस संपले, ते आजतागायत परत आले नाहीत. माझ्या मते घरी मशीन बांधणाऱ्यांच्या इतिहासातलं हे सर्वात महागात पडलेलं वर्ष आहे. तेव्हापासून प्रोसेसर निवडणं म्हणजे बोर्ड निवडणं, आणि बोर्ड निवडणं म्हणजे पुढची तीन-चार वर्षं कुणाच्या मर्जीवर राहायचं ते निवडणं.

तरी त्या दिवसांत मजा होती. १९९८ चा सेलेरॉन ३००ए हा इंटेलचा स्वस्तातला माल. बोर्डाच्या सेटिंगमध्ये बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की तो ३०० ऐवजी ४५० वर सुखाने चाले, म्हणजे इंटेलच्याच सर्वात महागड्या प्रोसेसरच्या पंक्तीला जाऊन बसे. २००० च्या आसपासच्या ॲथलॉन आणि ड्युरॉनवर तर साध्या शिसपेन्सिलीने काम भागे: चिपच्या पाठीवरचे तुटक सोनेरी ठिपके ग्रॅफाइटच्या रेघेने जोडले की कंपनीने घातलेलं वेगाचं कुलूप निघे. रेघ शेजारच्या ठिपक्याला लागली तर पुसून पुन्हा ओढायची. दोन्ही कंपन्यांनी पुढे अशी दारं बंद केली आणि कुलूप उघडं असलेल्या प्रोसेसरांसाठी इंटेलने ‘के’ हे अक्षर लावून वेगळे पैसे घ्यायला सुरुवात केली.

६ मार्च २००० ला एएमडीने १ गिगाहर्ट्झचा ॲथलॉन जाहीर केला, इंटेलने दोन दिवसांनी आपला. इथून इंटेलला आकड्याचं वेड लागलं. पेन्टियम ४ ची रचनाच अशी होती की मेगाहर्ट्झचा आकडा फुगावा, प्रत्येक ठोक्याला होणारं काम कमी झालं तरी चालेल. २००४ मधल्या त्याच्या प्रेस्कॉट आवृत्तीत ३१ टप्प्यांची साखळी होती आणि ती तापे भयंकर. ४ गिगाहर्ट्झचा वायदा त्याच वर्षी गुंडाळावा लागला, आणि इंटेलचे प्रमुख क्रेग बॅरेट एका परिषदेच्या व्यासपीठावर गमतीने का होईना, गुडघे टेकून माफी मागून गेले. एएमडीने तोवर २००३ मध्ये साध्या पीसीला ६४ बिटांवर नेलं होतं. इंटेलचा बेत असा होता की ६४ बिट हवे असतील तर जुनं सगळं सोडून आमच्या इटेनियम या वेगळ्या प्रोसेसरकडे या. लोक गेले नाहीत आणि २००४ पासून इंटेलला एएमडीचीच पद्धत उचलावी लागली. आजही विंडोजच्या आणि लिनक्सच्या फाइलींच्या नावात ‘एएमडी६४’ दिसतं, अगदी इंटेलच्या मशीनवरही.

माल सरस असूनही एएमडीला बाजार मिळाला नाही, आणि त्याचं कारण युरोपियन कमिशनच्या २००९ च्या निकालात सापडतं. डेल, एचपी, लेनोवो, एनईसी अशा कंपन्यांना इंटेल सूट देत होती, अट ही की जवळजवळ सगळा माल आमच्याकडूनच घ्यायचा. युरोपातल्या मीडिया-सॅटर्न या मोठ्या दुकानसाखळीला फक्त इंटेलची मशीनं ठेवण्यासाठी पैसे मिळत. एएमडीने एका कंपनीला दहा लाख प्रोसेसर फुकट देऊ केले, तर तिने घेतले १ लाख ६० हजार, कारण बाकीचे घेतले असते तर इंटेलची सूट गेली असती. फुकट महाग पडणं म्हणतात ते असं. कमिशनने १०६ कोटी युरोंचा दंड ठोठावला; पुढे वरच्या न्यायालयांत तो टिकला नाही आणि आरोपांच्या एका भागापुरता बराच लहान दंड नव्याने लागला. एएमडीने मात्र २००९ मध्येच १२५ कोटी डॉलर घेऊन इंटेलशी समझोता केला.

या सगळ्या काळात ज्याच्यापर्यंत ती सूट पोचत नव्हती आणि जो त्या अटीने बांधलेला नव्हता, असा एकच ग्राहक उरला होता: सुटे भाग विकत घेणारा. पुण्याच्या तपकीर गल्लीतून बोर्ड आणि एसएमपीएस पिशवीतून घरी नेणाऱ्याला कोणत्याही कंपनीने ‘फक्त आमचंच घे’ म्हणून पैसे दिले नाहीत. लॅपटॉप घेणारा आजही दुसऱ्याने केलेला सौदा विकत घेतो. असेंबल करणारा स्वतः सौदा करतो. १९८१ मध्ये आयबीएमकडे असलेली निवड आज किरकोळीत त्याच्याकडे आहे, आणि तीच तो एखाद्या लोगोच्या पायाशी वाहून टाकत असेल तर त्याला काय म्हणावं?

प्रतिस्पर्धी नसला की काय होतं याचं उदाहरण लगेचच मिळालं. २००६ च्या कोअर २ ड्युओच्या जोरावर इंटेलने मुसंडी मारली. तो खरोखर उत्तम प्रोसेसर होता. त्याच वर्षी एएमडीने ५४० कोटी डॉलर ओतून ग्राफिक्सवाली एटीआय घेतली आणि पाठोपाठ कर्जाने वाकली. २०११ मध्ये तिने बुलडोझर आणला, आठ कोअर म्हणून गाजावाजा केला, आणि कित्येक चाचण्यांत तो तिच्याच जुन्या सहा कोअरच्या फिनॉमकडून हरला. ‘आठ कोअर’ या जाहिरातीवरून पुढे अमेरिकेत खटला झाला आणि एएमडीला १ कोटी २१ लाख डॉलर मोजून तो मिटवावा लागला. इकडे इंटेल निर्धास्त. जानेवारी २०११ चा आय७-२६००के घ्या किंवा जानेवारी २०१७ चा आय७-७७००के घ्या: चार कोअर, आठ थ्रेड. सहा वर्षांत कोअर एकाने वाढला नाही. सहा, आठ कोअर हवे असतील तर वेगळा महागडा बोर्ड आणि आठ कोअरसाठी हजारापेक्षा जास्त डॉलर.

मार्च २०१७ मध्ये एएमडीचा रायझन ७ १८००एक्स आला. आठ कोअर, ४९९ डॉलर. त्याच ऑक्टोबरात इंटेलला नेहमीच्या घरगुती बोर्डासाठी सहा कोअरचा आय७-८७००के काढायला जमलं. इतकी वर्षं जे होत नव्हतं ते सात महिन्यांत कसं झालं, हे वेगळं सांगायला नको. बरं, त्यातही खोच होती. सॉकेटच्या पिना तेवढ्याच, ११५१, पण जुन्या बोर्डावर नवा प्रोसेसर चालणार नाही असं इंटेलने ठरवलं. हौशी लोकांनी टेपचे तुकडे आणि बदललेलं बायोस वापरून तो जुन्या बोर्डांवर चालवून दाखवला.

इथवर वाचून कुणी एएमडीच्या नावाचा जयजयकार करणार असेल तर त्याने नोव्हेंबर २०२० आठवावा. झेन ३ या रायझनच्या नव्या पिढीने गेममध्येही इंटेलला मागे टाकलं, आणि आघाडी मिळताच भाव वाढले. आदल्या पिढीचा लोकप्रिय सहा कोअरचा ३६०० सुरू झाला होता १९९ डॉलरला. नव्या पिढीत सहा कोअरसाठी २९९ मोजा, स्वस्तातला मिळणार नाही. तो स्वस्तातला ५६०० आला एप्रिल २०२२ मध्ये, इंटेलच्या आय५-१२४०० ने जानेवारीत बाजार खाल्ल्यावर. त्याआधी मे २०२० मध्ये एएमडीने चारशे मालिकेतल्या बोर्डांवर झेन ३ चालणार नाही असं जाहीर करून बघितलं होतं; ओरड झाली तेव्हा माघार घेतली. सत्तेत आलेला पक्ष विरोधात असतानाची भाषणं विसरतो, तेच झालं.

दुरुस्त केलेल्या त्या चुकीमुळेच एएम४ हे सॉकेट असेंबल करणाऱ्यांच्या इतिहासात अजोड ठरलं. २०१७ मध्ये पहिल्या रायझनसाठी घेतलेल्या बोर्डावर बायोस अद्ययावत करून २०२२ चा ५८००एक्स३डी बसू शकला. त्याच काळात इंटेलच्या ग्राहकाने निदान दोनदा तरी बोर्ड बदलला असता. मशीन एकदाच घेऊन वापरून मोडीत काढणाऱ्याला यात काही नाही. थोडं थोडं वाढवत नेणाऱ्याने मात्र या एका गोष्टीला प्रोसेसरच्या दहा टक्के वेगापेक्षा जास्त किंमत द्यावी.

हा एक्स३डी काय प्रकार आहे ते थोडक्यात सांगायला हवं, कारण गेमसाठी आज सगळी चर्चा तिथेच येऊन थांबते. प्रोसेसरला लागणारी माहिती रॅममधून आणायला वेळ लागतो, म्हणून थोडी माहिती तो स्वतःजवळच्या कॅशमध्ये ठेवतो; रोजचं तिखट-मीठ-हळद ओट्यावरच्या मिसळणाच्या डब्यात आणि पोती कोठीच्या खोलीत, तसं. एएमडीने चिपवर ६४ मेगाबाइट कॅशचा आणखी एक थर रचून एकूण ९६ मेगाबाइट केली. गेममध्ये शेकडो वस्तूंची स्थिती क्षणोक्षणी लागते, कोणती लागेल ते आधी कळत नाही, त्यामुळे तिथे याचा फायदा दणदणीत होतो. व्हिडिओ रेंडर करण्यासारख्या शिस्तीत ओळीने चालणाऱ्या कामाला फारसा नाही. शिवाय मॉनिटर ४के असेल तर सगळा भार ग्राफिक्स कार्डावर जातो आणि महाग-स्वस्त प्रोसेसरमधलं अंतर बरंच मिटतं. २०२४ च्या अखेरीस ९८००एक्स३डी आला आणि इंटेलची त्याच सुमाराची नवी पिढी गेममध्ये स्वतःच्याच जुन्या पिढीच्या मागे पडली. आज निव्वळ गेमसाठी कुणी विचारलं तर उत्तर एएमडी आहे, आणि ते आजचं आहे.

कामाचं उत्तर एवढं सरळ नाही. लग्नाचं शूटिंग करून घरी एडिट करणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. सोनी-कॅननचे हल्लीचे कॅमेरे १० बिट ४:२:२ मध्ये चित्रण करतात, आणि ते टाइमलाइनवर अडखळू नये म्हणून लागणारं हार्डवेअर इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्समध्ये बऱ्याच वर्षांपासून आहे. एनव्हिडियाने ते २०२५ च्या कार्डांत दिलं. अशा माणसाने मित्राच्या गेमचा फ्रेमरेट ऐकून प्रोसेसर घेतला तर रोज कपाळाला हात लावेल. नावात ‘एफ’ असलेला इंटेल घेतला तरी तेच, त्यात ग्राफिक्स नसतं. उलट कोड कंपाइल करणाऱ्याला, थ्रीडी रेंडर करणाऱ्याला जास्त कोअर हवेत, मग ते कुणाचेही असोत. सॉफ्टवेअर स्वतः पक्षपाती असतं हीही गोष्ट खरी आहे. इंटेलच्या कंपायलरने बनवलेले प्रोग्राम प्रोसेसरला आधी नाव विचारत आणि उत्तर ‘जेन्युइनइंटेल’ असं आलं नाही तर संथ वाट धरत. २०१० मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी झालेल्या तडजोडीत इंटेलला हे कबूल करून प्रोग्रामरांना सांगावं लागलं. तरीही २०१९ मध्ये मॅटलॅब वापरणारे एएमडीवर एक ओळीचं सेटिंग घालून गणिताचा वेग एकदम वाढवत होते. आपल्या पोटापाण्याचं सॉफ्टवेअर कोणतं, त्याचं कोणाशी जमतं, हे पाहिल्याशिवाय पैसे टाकू नयेत.

भरवशाच्या बाबतीत दोघांनीही अलीकडेच माती खाल्ली आहे. २०२३ च्या वसंतात एएमडीचे ७८००एक्स३डी काही बोर्डांवर जास्त व्होल्टेजमुळे सॉकेटसकट जळाले. एएमडीने व्होल्टेजवर मर्यादा घालणारं बायोस काढलं. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतले वरच्या दर्जाचे प्रोसेसर गेम सुरू करताच कोसळू लागले, कारण पुन्हा व्होल्टेज, आणि एकदा झालेली झीज कोणत्याही अपडेटने भरून येत नव्हती. इंटेलने बॉक्समधल्या प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. आपल्याकडे शे-पाचशे वाचवायला ट्रे पीस, म्हणजे बॉक्सशिवायचा सुटा प्रोसेसर, घेण्याची पद्धत आहे. ट्रे पीसला कंपनी थेट दाद देत नाही, विकणाऱ्याकडे जा म्हणते. दुकान चालू असेल तर ठीक.

मोठे ग्राहक अशा भावनेत अडकत नाहीत. पुण्यात पाषाणला उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ मध्ये बसलेला ‘प्रत्यूष’ हा महासंगणक इंटेलच्या प्रोसेसरांवर चाले. त्याच संस्थेत २०२४ मध्ये आलेला ‘अर्का’ एएमडीच्या प्रोसेसरांवर चालतो. मान्सूनच्या अंदाजाला कोणत्या लोगोवर गणित झालं याच्याशी काही देणंघेणं नाही.

मग दोन कंपन्या आहेत, दोघी एकमेकींना जमिनीवर आणतात, ग्राहकाने निवांत राहावं का? इथे एक मोठी फट आहे. कारखाना ही एएमडीची शान आहे असं सँडर्स अभिमानाने मानत. त्यांच्याच कंपनीने २००९ मध्ये कारखाने वेगळे काढले, आणि २०१९ पासून तिचे मुख्य प्रोसेसर तैवानच्या टीएसएमसीत छापले जातात. इंटेलचा १० नॅनोमीटरचा टप्पा वर्षानुवर्षं लांबला, आणि २०२४ च्या तिच्या डेस्कटॉप प्रोसेसरचा मुख्य तुकडाही टीएसएमसीतच बनला. एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्डही तिथलंच. दुकानात दोन रंगांचे डबे शेजारी ठेवलेले दिसतात, नव्या पिढीत दोन्हींच्या आतला मुख्य सिलिकॉन बहुतेक करून एकाच बेटावरून येतो. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने इंटेलमध्ये सुमारे दहा टक्के हिस्सा घेतला तो याच धास्तीने. दुसरा कारखाना हवा ही मागणी करण्याइतका मोठा गिऱ्हाईक आता सरकारच उरलं आहे.

रॅमचं दुखणं तर आजच अंगावर आलं आहे. ती बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या तीनच, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयच्या डेटा सेंटरांनी माल उचलायला सुरुवात केली आणि २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत डीडीआर५ चे भाव भडकले. डिसेंबरात मायक्रॉनने घरगुती ग्राहकांसाठीचा ‘क्रुशल’ ब्रँडच बंद करत असल्याचं सांगितलं. एएम४ नंतरचं एएमडीचं एएम५ सॉकेट फक्त डीडीआर५ घेतं, इंटेलचं नवं सॉकेटही तेच. ज्यांच्याकडे एएम४ चा बोर्ड आणि डीडीआर४ च्या दोन स्टिक्स आहेत, किंवा इंटेलच्या बाराव्या पिढीचा डीडीआर४ वाला बोर्ड आहे, त्यांनी तो मोडीत काढण्याची घाई करू नये. त्याच सॉकेटात बसणारा वरचा प्रोसेसर सेकंडहँड मिळाला तर बॉक्स आणि बिल बघून घ्यावा, बायोस आधी अद्ययावत करावं, आणि वाचलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घालावेत.